आप्पांनी चाखलेली वसई

आमच्या आप्पांच्या जिभेला सरकारनं माती-परीक्षणाची प्रयोगशाळा म्हणून मान्यता द्यायला हवी होती. चिमूटभर माती तोंडात टाकायची, डोळे मिटायचे, जीभ टाळ्याला लावायची आणि तिची तीन पिढ्यांची कुंडली सांगायची. एकदा त्यांनी नुसत्या चवीवरून, या शेतात गेल्या वर्षी कोणाचा बैल बसला होता ते ओळखलं होतं. बैलाचा रंग मात्र चुकला, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

आप्पा माणदेशातले. तिथं पाऊस वर्षातून एकदा येतो आणि चहा न घेताच निघून जातो. अशा माळावर माती ओळखता आली नाही तर माणूस उपाशी मरतो. त्यामुळे आप्पांच्या डोक्यात सगळा हिशेब पक्का. उतारावरची बरड जमीन मेंढरांना, तिच्याखालची मुरमाड हुलगा-मटकीला, ओढ्याकाठची काळी शाळूला. आणि पाणी पडलं की साबणासारखी होते ती चोपण जमीन नको असलेल्या पाहुण्यांना चालायला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी वसईजवळ नायगावला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आई गेल्यापासून आप्पा गावी एकटे होते. मी त्यांना तीनदा आणलं आणि तिन्ही वेळा ते आठवड्याच्या आत परत गेले. चौथ्यांदा, दिवाळीनंतर, मी हात जोडले.

"आप्पा, या वेळी राहायचंच."

"पायाखाली माती कसली हाय ते कळल्याबिगर मी ऱ्हात न्हाई," आप्पा म्हणाले. "आठ दिस देतो तुझ्या गावाला."

म्हणजे अख्ख्या वसईची परीक्षा सुरू झाली, आणि ती नापास झाली तर माझा बाप पुन्हा त्या रिकाम्या घरात जाऊन एकटाच भाकरी थापणार होता. आमची ही तर रोज सकाळी देवाला सांगायची, "आज तरी चवीची माती मिळू दे त्यांना."

पहिल्या दिवशी आप्पांनी सोसायटीची बाग चाखली. "हितं शिमीट उगवंल." दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईंची तुळशीची कुंडी. त्या बाई महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. तुळशीनं मात्र जोर धरला. तिसऱ्या दिवशी मी त्यांना पश्चिमेला समुद्राकडच्या वाड्यांत नेलं. केळी, नारळ, मोगरा, सगळं हिरवंगार. वाडीवाल्या मावशींनी विहिरीचं पाणी पाटात सोडलं होतं. आप्पांनी मूठभर माती उचलली तर ती बोटांतून सरळ खाली गळाली.

"ही माती न्हवं, साखर हाय," आप्पा म्हणाले. "वरनं पाणी घाला, खालनं पाताळात."

"म्हणून तर रोज दोनदा शिपतो बाबा," मावशी हसल्या. "केळी खाऊन बघा, मग बोला."

आप्पांनी सहा केळी खाल्ली. परतताना निकाल दिला, "क्येळीला झ्याक. मला न्हाई."

चौथ्या दिवशी सकाळी मात्र ते गच्चीवरून धावत खाली आले. सत्तरीचा माणूस, जिन्याच्या तीन-तीन पायऱ्या एका झेपेत! "आरं लेका, खाडीकडं बघ! काळी! भेगाळल्याली काळीभोर जमीन, हितनं तितपातूर! आन् मोकळी पडलीया! तुझ्या गावातली माणसं आंधळी हायती का?"

मी खुर्चीत बसून नोकरी करणारा माणूस. मला काळं ते काळं एवढंच दिसतं. मी म्हणालो, "असेल, आप्पा." आणि ऑफिसला गेलो. माझी चूक एवढीच. आप्पांची चूक मोठी होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी जिभेआधी डोळ्यांवर विश्वास ठेवला. बंडीच्या खिशात त्यांचं शाळूचं बी कायम असायचं. खाडीकाठच्या बांधाआड त्यांनी दहा बाय दहाचा तुकडा खुरप्यानं उकरला, बी टाकलं आणि संध्याकाळी मला म्हणाले, "माघात हुरडा खाऊ."

दोन दिवसांनी पौर्णिमा होती. उधाणाची भरती आली.

रविवारी सकाळी मी आणि आप्पा तिथं पोचलो तेव्हा शाळूच्या शेतावर गुडघाभर पाणी होतं आणि त्यात बोटभर लांबीचे मासे फिरत होते. ते शाळूच खात होते. एकाच्या तोंडात मी दाणा बघितला, शपथेवर सांगतो. बांधावर त्या जमिनीचा मालक उभा होता. पन्नाशीचा, हातात जाळं घेतलेला.

"काका, काय पेरलंत?" त्यानं विचारलं.

"शाळू," आप्पा पुटपुटले.

तो माणूस आधी हसला. मग बांधावर बसून हसला. मग जाळं बाजूला ठेवून, दोन्ही हातांनी पोट धरून हसला. पलीकडच्या मिठागरातले बगळे उडाले. "अवो काका, खाजन हाय हे! या तुकड्यावर खाडीचं पानी येतं. पावसानं खार धुवून गेला तर जरा भात होतो, बाकी वरीस मासे नि मीठ! हुरडा खारवूनच देनार होती ही जमीन तुमाला!"

आप्पांनी वाकून चिखल जिभेला लावला. चेहरा असा झाला की मला वाटलं, जीभ आता राजीनामा देते.

"चल," ते मला म्हणाले. "सांच्याची गाडी बघ. जलमभर माळावर दीडशे मेंढरं वाढवली मी, आन् हितल्या चिखलानं मला येडं ठरवलं."

आठ दिवस पुरे व्हायचे होते अजून, पण परीक्षक स्वतःच नापास झाला होता, आणि तो आता थांबणार नव्हता. तेवढ्यात बांधावरचं हसणं बंद झालं.

"मेंढरं?" तो माणूस उठला. "मग गवत समजत असंल तुमाला?"

"गवात?" आप्पा फिरले. "तुला भात समजतो का?"

"मग गाडीला जायच्या आधी एक काम करा. वालीवच्या पल्याड डोंगरउतारावर आमची वरकस जमीन हाय. तिथं नुसतं गवत होतं. तबेल्यावाले घ्यायचे, आता नको म्हनतात. म्हशी तोंड लावीत नाय. का, ते कोनाला कळत नाय."

माझ्या स्कूटरवर आम्ही तिघं बसलो. मधे आप्पा, मागं जाळ्यासकट मालक. वालीवच्या गाळ्यांमधले कामगार मशीन थांबवून बघायला आले, आणि एका कुत्र्यानं आम्हाला नमस्कार केला. पुढं डांबर संपलं आणि उतार लागला. कमरेएवढं वाळलेलं, तांबूस पिवळं गवत, खाली लाल मुरूम, मधून डोकं काढलेले खडक.

आप्पा स्कूटर थांबायच्या आत उतरले. या वेळी आधी माती तोंडात गेली. डोळे मिटले. मग चप्पल काढून बाजूला ठेवली आणि उतारावर अनवाणी चालू लागले.

"म्हशी कशा खातील?" वरून त्यांचा आवाज आला. "समदी कुसळं झाल्यात! तोंडात सुयाच की! कुसळ पिकायच्या आधी कापायचं सोडून तुमी भातामागं धावता."

"भात आधी काढाया नको?"

"गवात वाट बघत न्हाई, बाबा!" आप्पा आता रंगात आले. काठीनं रेघा मारत सुटले. "वरचं टक्कल शेळ्यांस्नी सोड, तिथं खुरपं लावलंस तर माती धुपून जाईल. मधल्या पट्ट्यात पवन्या गवात हाय, त्ये राख. आन् हितं खाली हातभर माती हाय, हितं पावसाळ्यात मारवेल गवताची मुळासकट ठोंबं लावायची. म्हशी साखळदंड तोडून येतील."

"कोन लावनार? आमाला मारवेल ओळखता येत नाय."

आप्पांनी काठी जमिनीत रोवली. मी तर श्वासच थांबवला. माझ्या हिशेबानं तो श्वास मी पाच मिनिटं धरून होतो.

"मलाच बघावं लागंल," आप्पा म्हणाले.

सांच्याची गाडी आप्पांविनाच गेली. सोमवारी मी रजा टाकून त्यांना रेशन ऑफिसला नेलं. ऑफिसनं गावाकडून नाव कमी केल्याचा दाखला मागवायला लावला, आणि तो आला तेव्हा कार्डावर नाव चढवताना कारकुनानं विचारलं, "आजोबा, कायमचे राहणार का?"

"मारवेल धरंपातूर," आप्पा म्हणाले.

मारवेल पहिल्याच पावसात अशी धरली की दुसऱ्या वर्षी तबेल्यावाले उतारावर भांडायला लागले. आप्पा मात्र रोज सकाळी तिथं जाऊन यायचे आणि पायरीवर चपला झटकत सांगायचे, "अजून म्हणावी तशी धरली न्हाई." हे त्यांनी पुढं अकरा वर्षं सांगितलं, आणि आम्ही नवराबायकोनं त्यांना एकदाही खोटं पाडलं नाही.