खोक्यावर लिहिलंय तेच

"किडनी फेल्युअर. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आता डायलिसिस कायमचं," डॉक्टर मला वॉर्डाबाहेर म्हणाले. मी आत जाऊन यांना सांगितलं, "किडनी जरा दमलीय. चारेक महिने डायलिसिस, मग बघू." तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, कठीण ते सोपं करून सांगायची खोड जाते कुठे!

पेरिटोनियल डायलिसिस ठरलं. म्हणजे पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतलं औषधी पाणी आत सोडायचं आणि काही तासांनी शरीरातली घाण घेऊन आलेलं पाणी बाहेर काढायचं. दिवसातून चारदा, घरीच. नल्लकुंट्यातल्या आमच्या घराची बैठकीची खोली खोक्यांनी भरली. पिशवी लावायला मी शिकले. "चार महिन्यांसाठी मी कशाला शिकू?" हे म्हणाले, आणि मी पुढची पिशवी लावायला घेतली.

खोक्यांवर नुसते आकडे होते. १.५ म्हणजे नेहमीचं पाणी. ४.२५ म्हणजे अंगातलं पाणी जास्त ओढणारं, पायांवर सूज असेल तेव्हाचं.

भाचीच्या साखरपुड्यासाठी मला सिकंदराबादला जायचं होतं. दुपारची पिशवी लावायला अंबरपेठचा धाकटा दीर प्रकाश आला; दवाखान्यात त्यालाही लावायचं शिकवलं होतं, पण कुठली ते मीच ठरवत असे. मी भिंतीवर वळणदार अक्षरात कागद लावला : सूज नसेल तर सौम्य पिशवी, असेल तर तीव्र. आकडे मला रुक्ष वाटले होते.

संध्याकाळी परतले तर हे पांढरेफटक, उठवेना. रक्तदाब कोसळला होता. तसंच यांना दवाखान्यात नेलं.

"वैनी, सौम्य असं एका बी खोक्यावर नव्हतं," प्रकाश रडवेला झाला होता. "तुमाला चार फोन लावलो. मग वरचं खोकं उघडलो." वरचं ४.२५चं होतं. फोन माझ्या पर्समध्ये होता, बँडच्या आवाजात. प्रकाशवर कसली रागावणार?

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं तो कागद मागवून घेतला. "अम्मा, खोके पे जो लिखा है वहीच लिखो. अपने मन का नक्को." माझे शब्द खोडून तिनं आकडे लिहिले आणि त्यांना अवतरणचिन्हं घातली. चिन्हांतलं असेल ते खोक्यावर शोधायचं, बाकीची आपली सूचना. मला शरम वाटली. दुसऱ्याचं बोलणं चिन्हांत जसंच्या तसं ठेवा, हे मीच पोरांना शिकवत आले होते.

यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "डॉक्टर मला काय झालंय म्हणाले, तेही तसंच सांग. तुझं सोपं करून नको."

मी सांगितलं. शेवटचा शब्द उच्चारताना रडू आवरेना. हे म्हणाले, "मग मला शिकायला हवं होतं."

तुमच्या घरी असा कागद लावायची वेळ आली तर खोक्यावरचे शब्द आणि आकडे चिन्हांत, आहेत तसे उतरवा. त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही.

आता पिशवी हेच लावतात. कागदही नवा आहे, यांच्या गिचमिड अक्षरातला. खाली "१.५" आणि "४.२५". आणि सगळ्यात वर, चिन्हांतच, डॉक्टरांचा शब्द : "कायमचं".