वीस निरोगी माणसांचं रक्त

फोन आला तेव्हा मी शिरूरच्या माझ्या लॅबमध्ये होतो. ‘भानुदास गेला. कुरकुंभला, ड्यूटीवरच... हार्ट अटॅक,’ दौंडच्या एका ओळखीच्यानं सांगितलं. माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता, हे आधीच कबूल करतो. जाण्यापूर्वी त्यानं कुणाला काही सांगितलं असेल का, हा तो विचार होता.

भानुदास कोकरे आणि मी पुण्यात लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, एकाच खोलीत राहून. ‘आमच्या आबानं मेंढरं मोजली, मी पेशी मोजतो,’ असं तो हसत सांगायचा. नव्वदच्या दशकात मी शिरूरला एसटी स्टँडजवळ लॅब टाकली, त्यानं दौंडला स्टेशनजवळ. हृदयाची झडप बदललेल्या माणसांना रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी किती द्यायची ते रक्त गोठायला किती सेकंद लागतात यावर ठरतं, आणि ती तपासणी आम्ही दोघंही करायचो. रक्तातलं वरचं पिवळं पाणी काढायचं, त्यात औषध घालायचं, स्टॉपवॉच दाबायचं. मात्र त्या औषधाची प्रत्येक बॅच सारख्या जोराची नसते. म्हणून तिचा एक आकडा पेटीतल्या कागदावर छापलेला असतो. तो हिशेबात धरला, तरच दोन गावांतले रिपोर्ट जुळतात.

भानुदासला तेवढ्यानं भागायचं नाही. नवी पेटी आली, की तो वीस धडधाकट माणसं गाठायचा... हमाल, चहावाला, तिकीट तपासनीस. त्यांच्या रक्तावर आधी औषध तपासून बघायचा. एकदा मी गेलो तर म्हणाला, ‘आरं दत्ता, तब्येत बरी दिसती. बस, दंड पुढं कर.’ मी हसून टाळलं. पण एसटीत बसल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. पावती नाही, रजिस्टरमध्ये नाव नाही, मग निरोगी माणसांचं एवढं रक्त हा करतो काय? विम्याच्या किंवा नोकरीच्या मेडिकलला आजारी माणसाच्या नावावर खपवत तर नसेल? निरोगी रक्तावर नवी बॅच पारखून घ्यायची पुस्तकातली रीत मीही शिकलो होतो. पण ती कुणी खरोखर पाळत असेल, यावर माझा विश्वास बसला नाही.

न्हावऱ्याच्या हिराबाईंची झडप बदललेली होती. दर महिन्याला त्या माझ्याकडे यायच्या. एकदा त्या दौंडला मुलाकडे गेल्या आणि आठवड्याच्या आत भानुदासकडेही तपासणी झाली. माझ्या रिपोर्टप्रमाणे त्यांचं रक्त अजून पातळ व्हायला हवं होतं. त्याच्या रिपोर्टप्रमाणे ते आधीच फार पातळ झालं होतं. शिरूरच्या डॉक्टरांनी मला विचारलं, ‘खरं कुणाचं?’ मी त्या वीस माणसांची गोष्ट सांगितली, माझ्या संशयासकट. डॉक्टरांनी गोळी वाढवली.

दोन रिपोर्ट जुळत नाहीत हे कानावर गेलं, तसा तिसऱ्या दिवशी भानुदास स्वतः आला. रुमालात गुंडाळलेली नळी डब्यात घालून. ‘माझंच रक्त हाय. तुझ्या औषधानं कर, मग माझ्या औषधानं करू. कुठं चुकतंय ते कळंल.’ मला वाटलं, हा मला अडकवायला आलाय. ‘तुझ्या नळीत काय आहे ते मला काय माहीत?’ मी म्हणालो. तो डब्याचं झाकण लावू लागला. ‘व्हय, तेबी खरंच,’ म्हणाला आणि डबा उचलून गेला.

तो गेल्यावर मी पेटीतला कागद उलगडला. बॅच महिन्याभरापूर्वीच बदलली होती. आकडाही बदलला होता. भिंतीवर मी चिकटवलेल्या कार्डावर मात्र जुनाच होता, आणि महिनाभर मी त्याच आकड्यानं हिशेब करत होतो.

कार्ड लगेच बदललं. डॉक्टरांना फोन करायला हात गेला, आणि थांबला. दोन दिवस थांबला. तिसऱ्या दिवशी हिराबाईंच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. त्यांना पुण्याला हलवावं लागलं. त्या वाचल्या, त्यात माझी काही कर्तबगारी नाही. ‘त्या दौंडच्या रिपोर्टनं सगळा घोळ झाला,’ स्वतः वाढवलेल्या गोळीचं नाव न काढता डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली.

पुढं ही गोष्ट दौंडला पोचली आणि तिथल्या डॉक्टरांनी भानुदासकडे पेशंट पाठवणं बंद केलं, एकाचं ऐकून दुसऱ्यानंही. वर्षभरात लॅबला कुलूप लागलं आणि तो कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात शिफ्टवर जाऊ लागला. लग्नाकार्यात भेटला की विचारायचा, ‘काय दत्ता, बॅच नवी आली का?’ इतकंच. तो टोमणा होता की नुसती चौकशी, हे मी दहा वर्षं त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिलो...

दहाव्यानंतर दौंडला गेलो आणि भानुदासच्या बायकोला, सुमनवहिनींना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. ‘मला सांगून काय उपेग, भावजी? ज्यास्नी तवा सांगितलं, त्यास्नी सांगा.’

डॉक्टर आता थकलेत. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, ‘कोण कोकरे?’

म्हणून हे इथं लिहितो आहे. भानुदासचा रिपोर्ट बरोबर होता. चूक माझी होती, आणि ती मला वेळेत कळली होती.

परवा पुन्हा दौंडला गेलो. ‘सांगितलं. पण त्यांना भानुदास आठवत नाही,’ मी म्हणालो. वहिनी उठल्या, चहापत्तीचा नवा पुडा त्यांनी कात्रीनं कापला आणि डब्यात ओतला. फळीवर मीठ, हळद, तेल, सगळ्या डब्यांवर कागदाच्या पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर फोडल्याची तारीख. बरण्यांवर भानुदासचं उभट अक्षर, बाकी वहिनींचं.

‘आज किती तारीख हाय?’ पेन्सिल हातात घेऊन त्यांनी विचारलं.

मी सांगितली. त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा पाहून घेतलं, आणि मगच लिहिली.