सर स्वयंपाकघरात

परक्या पुरुषासमोर मी आजवर एकदाच उभी राहिले, ती माझ्या लग्नात. आणि तेव्हाही मध्ये अंतरपाट होता.

टाळेबंदीत आमच्या शीतलचं कॉलेज मोबाईलवर आलं. तिला ते मुळीच पटलं नव्हतं. "सर डब्यात, आम्ही डब्यात! ह्या काय शिकप?" असं रोज चालायचं. वर्गातली अर्धी पोरं हजेरी देऊन झोपायची म्हणे! त्यात गोव्याच्या हद्दीवरच्या आमच्या इब्रामपुरात रेंज मिळायची ती फक्त ओसरीवर, मोबाईल थेट वाशाजवळ धरला तर. म्हणून तोंडी परीक्षेला मी स्टुलावर उभी, मोबाईल धरून. सगळा वर्ग लाईनवर होता आणि सरांनी बजावलं होतं, लाईन तुटली तर वर्ष गेलं!

शीतल घडाघडा बोलत होती. तेवढ्यात सर गरजले, "तिथे आणखी कोण आहे? उत्तरं कोण सांगतंय? समोर या!"

आमच्याकडे ओसरीवर परका पुरुष आला की बाईमाणसाने काय करायचं? आत जाऊन चहा ठेवायचा! मी स्टुलावरून उडी मारली ती थेट स्वयंपाकघरात. (मोबाईल हातातच!)

"आई, सरांक खंय नेतंस गो?"

"चाय ठेवतंय!"

"कोणाक?"

"सरांक!"

ओसरीवरून आमचे हे ओरडले, "साखर कमी घाल गो! मास्तरांका डायबिटीस आसता!"

मी मोबाईल चुलीमागच्या खिडकीत पावांच्या टोपलीला टेकवला आणि दाराआड लपले. शीतल रडत आत आली, तर काय! रेंजच्या सगळ्या काठ्या भरलेल्या! त्या खिडकीत पलीकडच्या महाराष्ट्राची रेंज येते, हे आम्हाला वर्षभर ठाऊकच नव्हतं. आणि सर? पोट धरून हसत होते. "सांगणारं माणूस असं पळत नाही. बोल तू! आज पहिल्यांदाच अख्खा वर्ग जागा आहे."

शीतलने चुलीपाशी उभं राहून प्रश्नांचा फडशा पाडला. वर्गात पहिली आली!

निकालानंतर तिच्या मैत्रिणी घरी आल्या. मी खाली मान घालून पाणी दिलं. त्यांनीही खालीच पाहिलं आणि एकदम किंचाळल्या, "हेच ते पाय!"

पळताना मोबाईलमध्ये तेवढंच दिसलं होतं. लक्ष्मीनंतर नुसत्या पावलांवरून ओळखली जाणारी मीच. फक्त लक्ष्मीच्या टाचांना भेगा नसतात!