हॉलमधली होडी

आमच्या हॉलमध्ये आज सकाळपासून एक होडी आहे. होडी म्हणजे जमिनीवर अंथरलेली गादी आणि वल्हं म्हणजे कपडे वाळत घालायची काठी. आमच्या मुक्ताचा नुकताच साखरपुडा झाला. आता तिला आणि निखिलला, म्हणजे आमच्या होणाऱ्या जावयाला, भंडारदऱ्याच्या तलावात होडीतून फोटो काढायचेत. मुक्ताला पाण्याची भीती वाटते, म्हणून ही तालीम.

ती पुढे, तो मागे. "तू मला दिसतच नाहीस. कधी कलायचं ते कळणार कसं?" ती कुरकुरली.

"मी उजवीकडे कललो की गादी दबेल. तू डावीकडे कल. आणि नाहीच जमलं, तर काठावर काढू फोटो. त्यात काय!"

तिचे आवळलेले खांदे एकदम सैल झाले.

फोटोत डोंगर येतील, पाणी येईल, केशरी लाइफ जॅकेटं येतील. हे सैल झालेले खांदे मात्र इथेच राहतील. आमच्या साखरपुड्याच्या फोटोत आम्ही हातभर अंतर राखून ताठ उभे आहोत. फोटो झाल्यावर हिने हळूच विचारलं होतं, "नवा बूट चावतोय का?" ते फोटोत कुठे आहे?

मुलं बाहेर गेली. मी गादी गुंडाळायला आलो, तर काठी घेऊन ही मागच्या बाजूला बसलेली.

"अहो, बसा ना पुढे."

गुडघ्यांची समजूत घालत बसलो. मागे गादी उजवीकडे दबली. वळून न बघता मी डावीकडे कललो.