आडनावाचा रिकामा खण

"तुझ्या बापाला आडनावच न्हाई व्हय गं?"

कलबुर्गीतल्या आमच्या लहानशा कंपनीत, दूध संस्थेच्या चेअरमनसमोर, सर मला असं म्हणाले. चेअरमन हसले. ज्यांच्याबरोबर मी रोज डबा खाते, तेही हसले.

झालं होतं एवढंच. संस्थेसाठी आम्ही मोबाइल ॲप करत होतो. डेटाबेसमधली एक ओळ उचलायची, तिच्यातलं नाव, आडनाव, वस्ती एकेका खणात बसवायचं, की ॲपमध्ये एक सभासद उभा राहतो. ते बसवायचं काम माझं. यादीत सगळ्यांना दिसायचं ते फक्त नाव-आडनाव; वस्ती पत्त्यासाठी आतल्या नोंदीतच राहायची. आडनाव सक्तीचं, हा नियम सरांचा. चेअरमनना दाखवताना यादी सरकत सरकत एका ओळीवर आली. आडनाव रिकामं. ॲप धाडकन बंद. घाबरून माझ्या तोंडून निघालं, "सर, ती ओळ माझ्या अप्पाची हाय." चूक सरांच्या नियमाची, आणि निघाला माझा बाप!

अप्पानं तो खण विसरून सोडला नव्हता. मी लहान असताना गावातल्या डेअरीत आमच्या म्हशीचं दूध वेगळ्या बादलीत ओतायचे. चरवी माझ्या हातात असायची. सगळे बघायचे. मग अप्पा सायकल मारत हायवेवर, मन्नाएखेळ्ळीच्या अलीकडं, या संस्थेच्या केंद्रात दूध घालू लागला. तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. आडनावावरून जात कळते, म्हणून फॉर्मवर त्यानं ते लिहिलंच नाही.

"सोप्पं हाय," सर म्हणाले. "आडनाव रिकामं असलं की तिथं वस्तीचं नाव घाल."

चेअरमननी मान डोलावली. "व्हय. कुणाचं दूध हाय ते कळाया पायजे."

आणि मी? मूग गिळून बसले. चेअरमन गेल्यावर वस्ती घालणारी कोडची ओळ लिहिलीसुद्धा. सांगायला लाज वाटते. ॲप चालू केलं. आता ते बंद पडलं नाही. अप्पाचं नाव आलं, आणि आडनावाच्या जागी भीमनगर. त्याखाली आमच्या गल्लीतली शांताक्का. भीमनगर. ती वेगळी बादली मी स्वतःच्या हातानं पुन्हा आणून ठेवली होती.

डोकं भणाणलं. ती ओळ पुसली. सक्तीचा नियमही पुसला. आडनाव नसलं तर नुसतं नाव दिसेल. यादी वरपासून खालपर्यंत सरकवली. कुठंच अडली नाही. दोन मिनिटांचं काम होतं, त्यासाठी माझा बाप काढला.

सर मागं येऊन उभे राहिले. "काय करायलीस?"

"वस्ती घालणार न्हाई, सर."

"कामावर ऱ्हायचं न्हाई व्हय?"

"ऱ्हायचंय. पण ही ओळ लिहिणार न्हाई."

"मग मी लिहितो."

"लिहा. खाली तुमचं नाव पडंल."

आमच्याकडं कोड कुणी बदलला याची नावानिशी नोंद राहते. सर जागेवर गेले.

अजून त्यांनी ती ओळ लिहिलेली नाही. लिहिली तर मी पुसेन. पुन्हा लिहिली तर पुन्हा पुसेन. मला काढून टाकलं, तर त्या केंद्रासमोर उभी राहून प्रत्येक सभासदाला सांगेन, ती ओळ कुणी लिहिली आणि कशासाठी. अप्पाचा खण रिकामाच राहील. तो भरायचा की नाही, हे अप्पा ठरवेल.