अजानेपूर्वीचा पूर्वपक्ष

नातीने येथे रियाधमधील कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे काढली आणि तिला विद्यापीठात मानसशास्त्राची पदवी घेण्याची इच्छा झाली. थेट तिसऱ्या वर्षात घेतले तर उत्तम. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे ती दोन वर्षे वाळूत जिरली. सारे एका मुलाखतीवर ठरणार होते. तिचे वडील बँकेतून दमून येतात, म्हणून तयारीचे काम माझ्याकडे आले.

मला वादाची एकच रीत ठाऊक. पाठशाळेत गुरुजी शास्त्रार्थाला बसवीत, तेव्हा आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, त्याच्याहूनही बळकट करून मांडावे लागे. मग त्याचे खंडन आणि शेवटी आपला सिद्धान्त. पूर्वपक्ष लंगडा झाला की गुरुजी म्हणत, मेलेला साप मारून शूर होऊ नये.

हीच शिस्त मी नातीला लावली. देवपूजा आटोपली की सोफ्यावर बसून मी विद्यापीठाच्या वतीने तिच्यावर तुटून पडे. तुमच्या कॉलेजातला अभ्यास उथळ. संख्याशास्त्र तुम्हांला झेपणार नाही. आणि मन ओळखण्यास पदवी कशाला हवी, घरात सासू असली की पुरे. या आक्षेपावर सूनबाई स्वयंपाकघरात हसली. माझी पत्नी हसली नाही.

"आजोबा, तुम्ही माझ्याच साइडने आहात ना?" नातीने एकदा विचारले.

"सिद्धान्तापर्यंत पोहोचलीस की असेन."

मुलाखतीच्या दिवशी मुलाने आम्हां दोघांना विद्यापीठाच्या दाराशी सोडले. पालकांच्या खोलीत एसी एवढा गार, की मी शाल पांघरून जप करीत बसलो. दुपारची अजान झाली आणि थोड्याच वेळात नात बाहेर आली. चेहरा उतरलेला.

"खलास, आजोबा. मॅडमनी विचारलं, तुला थर्ड इयरला का घ्यावं? मी 'का घेऊ नये' इथून सुरुवात केली. सगळा पूर्वपक्ष सांगितला, एकदम स्ट्राँग. तेवढ्यात अजान झाली. त्या नमाजला गेल्या."

म्हणजे तिचे सारे दोष तिच्याच तोंडून ऐकून परीक्षक बाई ईश्वरापाशी गेल्या होत्या. मला आठवले की माझीही माध्याह्नसंध्या राहिली आहे.

"पूर्वपक्षावर कोणी निकाल देत नाही," मी म्हटले. "त्या त्यांच्या प्रार्थनेला गेल्या, मी माझ्या बसतो. तू पाणी पी आणि खंडन आठव."

मी डोळे मिटून मनातल्या मनात मंत्र म्हणू लागलो. शेजारी ती आपले खंडन पुटपुटू लागली. थोड्या वेळाने तिला आत बोलावले.

पुढचे तिने गाडीत सांगितले. परत येताच बाई म्हणाल्या, एवढे आक्षेप तर आमच्या समितीलाही सुचले नव्हते. आता तुझ्या बाजूने बोलणारे कोणी आहे का? मग हिने एकेक आक्षेप खोडून काढला. संख्याशास्त्राचा तेवढा तसाच राहू दिला, कारण तो खरा होता. ही पद्धत कोणाची, असेही बाईंनी विचारून घेतले.

पुढल्या आठवड्यात निकाल आला. तिसरे वर्ष मिळाले. मात्र संख्याशास्त्र पुन्हा करावयाचे होते. सोबत बाईंचा निरोप होता: आजोबांना सांग, त्यांचा तो एक पूर्वपक्ष आम्ही मान्य केला आहे.

आता रोज देवपूजेनंतर नात संख्याशास्त्राचे पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसते. प्रतिपक्ष फार बळकट आहे, आणि तो मला मुळीच कळत नाही.