फादरचे हात खाली आले

माझा धाकटा भाऊ फादर आहे आणि लाल बावट्याचाही आहे. एका माणसात दोन्ही कसं मावतं ते मला विचारू नका, मी फक्त त्याचे झगे धुते. माझा नवरा गेल्यापासून चर्चमागच्या दोन खोल्यांत आम्ही बहीणभाऊ राहतो. टेबलावर एकीकडे प्रार्थनेची पुस्तकं, दुसरीकडे युनियनची पत्रकं, मधे वीतभर जागा उरते तिथे मी त्याचं ताट ठेवते. प्रवचनाला उभा राहिला की मालक आणि मजुरी, युनियनच्या सभेत गेला की आदाम आणि हव्वा. कुठे काय बोलावं याचा पोच म्हणून नाही.

आमच्या रस्त्याच्या टोकाला मोठी लॉन्ड्री आहे. हॉटेलांच्या चादरी तिथे धुतल्या जातात. इस्त्रीवाल्या बायका दिवसभर उभ्या. त्यांचं मागणं एवढंच, की अधूनमधून टेकायला स्टुलं द्या. मालक म्हणे, बसलेली बाई झोपते. मेल्याने जन्मात कधी इस्त्री धरली असेल तर शपथ. बायकांनी फाटकासमोर निदर्शनं सुरू केली आणि आमचे बंधुराज पहिल्या रांगेत.

बिशपसाहेबांनी बोलावून झापलं. पुन्हा फाटकावर भाषण केलंस तर बदली. या वयात कुठे नवं बिऱ्हाड थाटू? मी त्याला बजावलं, तिथे तोंड उघडायचं नाही.

"नाही उघडत, ताई. नुसता उभा राहीन."

आणि खरंच बोलला नाही हो. बायकांनी चर्चमधलंच एक गाणं म्हटलं. आता, आमच्याकडे गाणं संपलं की फादर दोन्ही हात पुढे करून हळूच खाली आणतो, म्हणजे लोकांनी बसायचं. सवयीने ह्याचे हात खाली आले आणि झाडून साऱ्या बायका रस्त्यात बसल्या. निम्म्या आमच्या चर्चच्या, बाकीच्या त्यांचं बघून. तेवढ्यात चादरींचा ट्रक निघाला, तो फाटकातच अडकला. बसल्यावर बायकांना इतकं बरं वाटलं की कुणी उठेना. त्यांना उठवायला हा बावळट हात वर करतोय, तर त्यांना वाटलं फादर घोषणा द्या म्हणतायत. हॉटेलांचे फोनवर फोन आले आणि संध्याकाळी मालकाने स्टुलं कबूल केली.

स्टुलं आली, पाठोपाठ बिशपसाहेबही आले.

"मी एक शब्द बोललो नाही," भाऊ म्हणाला.

"न बोलता रस्ता अडवलास. बोलला असतास तर काय केलं असतंस?" मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही समजूतदार आहात. चूक झाली, एवढं त्याला म्हणायला लावा. बदलीचा विषय संपला."

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. लहानपणापासून माझ्या शब्दाबाहेर नाही तो, लगेच म्हणाला असता. पण सकाळीच एक इस्त्रीवाली भेटली होती. म्हणाली, काल किती वर्षांनी पाय न शेकता झोपले. 'म्हणून टाक रे' असं सांगायला मी तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"बिशपसाहेब, सामान बांधायला किती दिवस मिळतील?"

भावाचे डोळे भरून आले. बिशपसाहेबांनी चहा मागितला. अर्धा कप झाल्यावर म्हणाले, "मला वाटलं होतं, इथे असा हट्टी एकच आहे. दोघांना दुसऱ्या गावाच्या गळ्यात कशाला मारू? राहा इथेच."